कोणता कोळी?

घट बसायला आठवडा उरला की जालना जिल्ह्यात घरोघरी ‘दसरा काढायचा’ सपाटा सुरू होतो. गोधड्या धुवायला निघतात, फडताळे रिकामी होतात आणि लांब काठीच्या टोकाला केरसुणी बांधून माळवदाच्या कोपऱ्यांतली, तुळयांमागची जळमटे ओढली जातात. त्यांच्याबरोबर आठ पायांचा एखादा जीव जमिनीवर पडतो आणि सावरायच्या आत त्याच्यावर चप्पल बसते. त्याच आठवड्यात बदनापूरकडचा किंवा अंबडकडचा मोसंबीवाला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभा राहून सांगत असतो, “बागेत कोळी पडलाय, औषध द्या.” घरात केरसुणी, बागेत पंप. दोन्हीकडे शब्द एकच आणि प्राणी मात्र पूर्ण वेगळे. हा केवळ भाषेचा तिढा असता तर त्यावर अग्रलेख लिहायचे कारण नव्हते. पण या एका शब्दापायी शेतात नको त्याचा जीव जातो आणि खिशातून नको तेवढे पैसे जातात.

आधी काउंटरवरचा कोळी पाहू. ती असते माइट. सुईच्या टोकाएवढी, पानाच्या मागच्या बाजूला राहून रस शोषणारी. लाल माइट पानामागे धाग्यांची अगदी तलम जाळी करते, म्हणून कुणीतरी तिला ‘लाल कोळी’ म्हटले आणि शेतीच्या पुस्तकांपासून औषधाच्या डब्यापर्यंत तेच नाव चिकटले. मोसंबीच्या कोवळ्या फळाची साल खरवडून तिला तांबूस-काळपट, खरखरीत करणारी माइट आणखी निराळी. शेतकरी त्या डागाळलेल्या फळाला ‘मंगू’ पडला म्हणतो, कुठे ‘लाल्या’. गंमत अशी, की ज्याला आपण बिनदिक्कत कोळी म्हणतो त्या या मंगूवाल्या जीवाला पाय फक्त चार असतात. आतला रस चांगला असूनही अशी फळे बाजारात मागे पडतात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण व्यापारी फळ पाहतो ते सालीवरूनच. तेव्हा बागायतदाराची काळजी अस्थानी नाही आणि मंगूवर वेळेत उपाय करायलाच हवा. आमचे म्हणणे एवढेच, की डब्यावरच्या ‘कोळीनाशक’ या शब्दाने जाळे विणणाऱ्या बिचाऱ्या कोळ्याला विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

कारण खरा कोळी रस शोषत नाही, पान खात नाही, फळाला तोंड लावत नाही. तो शिकारी आहे. तो कीटकही नाही. कीटकाला पाय सहा, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे तीन भाग, कोळ्याचे दोन. त्याला ना पंख, ना मिशा. नात्याने तो विंचू, गोचीड आणि माइट यांच्या भावकीतला. कृषी खात्याच्या पत्रकांत त्याची गणना ‘मित्रकीटकां’त होते, तिथे आम्ही नियमाला अपवाद मानून गप्प बसतो, कारण त्यातला ‘मित्र’ हा अर्धा शब्द खरा आहे. जगात नोंदल्या गेलेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला. भारतातल्या जाती दोन हजारांच्या आसपास आहेत. त्यांची ओळख पटवण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बेनॉय कृष्ण टिकादर यांचा वाटा मोठा. पुण्यात राहून त्यांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींचे वर्णन केले आणि भारतीय कोळ्यांवरचे त्यांचे हातपुस्तक १९८७ मध्ये निघाले. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले : ‘आयशियस तुकारामी’. ज्याने झडप घालून पकडले आणि सोडले नाही, त्याच्या नावाला हा जीव शोभतो.

मग चावतो का? हा प्रश्न पहिला येतो, आणि तो यायलाच हवा. विष जवळजवळ सर्व कोळ्यांकडे असते, पण ते माशी-तुडतुड्याच्या मापाचे. आपल्या घरांत फिरणाऱ्या बहुतेक कोळ्यांचे दात माणसाच्या कातडीत नीट रुततही नाहीत. हातात चिरडला, कपड्यात अडकला तरच तो चावतो, आणि मग गांधील माशी किंवा मुंगी चावल्यासारखी आग होते. साबणाने धुवावे, थंड पाण्याची पट्टी ठेवावी. सूज पसरत गेली, ताप आला किंवा अंगात पेटके येऊ लागले तर दवाखाना गाठावा. भारतात काही विषारी जाती आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. काळ्या विधवेच्या गोतातल्या जाती इथेही नोंदल्या गेल्या आहेत. पण त्या दगडांच्या सांदीत लपून राहणाऱ्या आहेत, आपणहून माणसाच्या वाट्याला जाणाऱ्या नाहीत.

आठ पायांच्या या भावकीत मराठवाड्याने ज्याचा खरा धसका घ्यावा तो विंचू, आणि त्यातही लाल विंचू. त्याच्या दंशावरचा उपाय शोधणारा डॉक्टर याच जिल्ह्याच्या मातीतला आहे. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडच्या भागात नोकरीला गेले, तेव्हा लाल विंचवाने गंभीर विषबाधा झालेल्या दर दहा रुग्णांत सुमारे चार दगावत. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध इथे कामी येते हे त्यांनी दाखवून दिले, १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भीती योग्य प्राण्याची धरली आणि ती डोळसपणे धरली की काय साधते, त्याचे दुसरे उदाहरण शोधत बसायला नको.

उलट चुकीच्या प्राण्यावर धरलेली भीती कशी पिढ्यान्‌पिढ्या चालते, तेही पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर, काखेजवळ किंवा गालावर लांबट, आग होणारा पट्टा दिसतो, मग त्यावर पाणीदार फोड येतात. घरातले वडीलधारे माणूस निदान सांगून मोकळे होते : कोळी मुतला. कोळ्याला असा द्रव मूत्रविसर्ग नसतोच. त्याची विष्ठा चुन्याच्या निवळीसारखी पांढरट असते आणि ती अंगावर पडली तरी फोड येत नाहीत. या फोडांचा खरा धनी बहुतेक वेळा एक बारीक भुंगा असतो. लांबट, मोठ्या मुंगीसारखा, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. शास्त्रीय नाव पिडेरस. ओलसर शेतांतून तो रात्री दिव्याकडे येतो, अंथरुणात पडतो, आणि झोपेत आपण त्याला चोळून चिरडतो. तो चावत नाही, डसत नाही. त्याच्या अंगातला द्रव कातडीला लागतो आणि एक-दोन दिवसांत फोड उमटतात. म्हणून अंगावर काही चालतेय असे वाटले तर चापट मारू नये, फुंकर घालून उडवावे आणि ती जागा साबणाने धुवावी. कधी हे फोड नागिणीचेही असतात. तो विषाणूचा आजार आहे आणि त्यावर लवकर सुरू करायची औषधे आहेत. ‘कोळी मुतला’ म्हणून त्यावर काहीबाही लावत बसले की हातचे दिवस जातात. इथे लोकसमजुतीची थट्टा करण्याचा हेतू नाही. रात्री अंधारात काय घडले हे कुणी पाहिलेले नसते, सकाळी कोपऱ्यात दिसतो तो कोळी. आळ त्याच्यावर येतो.

आता जाळे. शाळेतल्या मुलांना विचारा, दोन झाडांच्या मध्ये, वाटेच्या वर, हा प्राणी पहिला दोरा कसा टाकतो? उडी मारून? पोहून? उत्तर साधे आहे आणि म्हणूनच सुंदर आहे. तो एका फांदीवर बसून मागचा भाग उचलतो आणि धागा वाऱ्यावर सोडतो. वारा नेईल तिथे तो चिकटतो. चिकटला हे ताणावरून कळले की कोळी त्यावरून ये-जा करून तो पक्का करतो. मग खालचा आधार, मग मधून निघणारे आरे, मग आऱ्यांवरून गोल गोल फिरत घातलेला चिकट धागा. आरे कोरडे असतात, चिकट असतो तो फेऱ्यांचा धागा. कोळी शक्यतो कोरड्यावरून चालतो. चिकट धाग्याला पाय लावावाच लागला तर नखीचे टोक आणि केस यांचाच जेमतेम स्पर्श होऊ देतो, शिवाय पायावर एक न चिकटू देणारा लेपही असतो. गावातल्या कुंभाराच्या किंवा साळ्याच्या कामाला आपण कसब म्हणतो. हे कसब त्याला कुणी शिकवलेले नसते, अंड्यातून निघालेले पिल्लू पहिलेच जाळे नीट विणते.

संध्याकाळी गोठ्याच्या दारात, बल्बपाशी जाळे घालणारा पिवळसर-तपकिरी कोळी पाहिला असेल. पहाटे तिथे काहीच नसते. वाऱ्याने गेले असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यानेच ते गुंडाळून खाल्लेले असते. धागा म्हणजे प्रथिने, ती वाया का घालवायची? उद्याच्या जाळ्याला तीच उपयोगी पडतात. मुंडक उपनिषदाने विश्व निर्माण करून पुन्हा स्वतःत घेणाऱ्या तत्त्वाला कोळ्याची उपमा दिली आहे. ऋषींनी ती कल्पनेतून काढली नसावी, कुणीतरी पहाटे उठून नीट पाहिले असावे. दत्ताच्या चोवीस गुरूंच्या यादीत शेवटून दुसरा गुरू कोळी आहे आणि शेवटची आहे ती भृंगी, म्हणजे भिंतीवर मातीची गाडगी करणारी कुंभारीण माशी. परंपरेला या दोघांचे शेजारपण ठाऊक होते की काय कोण जाणे! कुंभारीण आपल्या त्या गाडग्यांत भरते ते सुन्न केलेले कोळीच, आपल्या अळ्यांना ताजे खाणे म्हणून. घराच्या भिंतीवर दोन गुरू असे एकमेकांना भेटतात.

या धाग्याच्या ताकदीबद्दल बरेच अतिशयोक्त बोलले जाते, पण जालन्याला ते मोजायला बाहेर जावे लागत नाही. इथल्या एमआयडीसीतून निघणाऱ्या सळईवर ‘एफई ५००’ असे छापलेले असते. म्हणजे दर चौरस मिलिमीटर जाडीला किमान ५०० न्यूटनपर्यंत ओढ सोसून सळई पुन्हा मूळ लांबीवर येते. चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्याचा आधारधागा याच मापाने हजार न्यूटनांच्या आसपास तुटतो, आणि त्याच जाडीच्या पोलादाच्या तुलनेत त्याचे वजन सहाव्या हिश्श्याएवढे असते. शिवाय सळई ताणली जाते ती किती? हा धागा तुटण्यापूर्वी चांगला लांबतो, म्हणून धावत्या भुंग्याचा धक्का तो गिळून टाकतो. भट्टी नाही, धूर नाही, वीजबिल नाही. आमच्या उद्योजकांना हा टोमणा नव्हे. जगभरच्या प्रयोगशाळांनाही असा धागा स्वस्तात आणि ढिगाने करणे जमलेले नाही.

सगळे कोळी मात्र जाळे घालत नाहीत. दिवाणखान्याच्या भिंतीवर टुणटुण उडणारा छोटा कोळी डोळ्यांवर शिकार करतो. त्याच्याकडे बोट नेले की तो वळून आपल्याकडे बघतो, आणि ते खरेच बघणे असते. स्वयंपाकघरात रात्री अचानक दिसणारा, तळहाताएवढा चपटा कोळी झुरळे मारतो. कधी त्याच्या पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती दिसते, ती अंड्यांची पिशवी. जळमटांचा खरा कारागीर तिसराच : लांब काडीसारख्या पायांचा, धक्का लागला की जाळ्यात बसल्या बसल्या थरथरणारा. त्याचे टाकून दिलेले जाळे धुळीने जड होते आणि त्यालाच आपण जळमट म्हणतो. ते काढावेच, दसरा काढू नका असे आम्ही कशाला सांगू? पण जळमट काढणे आणि कोळी मारणे ही दोन कामे आहेत.

मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन का पडतो, हेही लोक विचारतात. त्याच्या पायांत आखडून घ्यायचे स्नायू असतात, लांब करायचे काम अंगातल्या द्रवाच्या दाबाने होते. प्राण गेला, दाब गेला, पाय आखडले. आणि मादी नराला खाते का? काही जातींत, कधी कधी. वर्तमानपत्री मथळ्यांनी त्याची जेवढी चर्चा केली तेवढे ते घडत नाही.

याहून विलक्षण गोष्ट माळरानावर, बोरी-बाभळीच्या काट्यांत दिसते. कुणीतरी मळका कापूस फांदीला गुंडाळून ठेवावा तसे पुंजके असतात. त्यांत सुकी पाने, किड्यांची टरफले अडकलेली. झाडाला रोग पडला म्हणून लोक ती फांदी तोडतात. ते असते समूहाने राहणाऱ्या कोळ्यांचे गाव. स्टेगोडिफस सारासिनोरम ही भारतातली जात दख्खनसारख्या कोरड्या मुलखात सुखाने नांदते. एका पुंजक्यात कधी शंभरावर कोळी असतात. जाळ्यात टोळ अडकला की थरथरीवरून अनेक जण बाहेर येतात, मिळून त्याला ओढतात आणि मिळून खातात. कोळी म्हणजे एकलकोंडा, दिसला की दुसऱ्याला खाणारा, हा समज इथे मोडतो. पिल्ले झाली की आई अर्धवट पचवलेले अन्न त्यांना तोंडाने भरवते. ते संपत आले की तिचे स्वतःचे शरीर आतून विरघळू लागते, आणि शेवटी पिल्ले तिलाच खाऊन संपवतात. आईच्या त्यागाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना इतके शब्दशः उदाहरण बहुधा पेलणार नाही.

शेताकडे वळू. जालना हा कापसाचा आणि बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे बियाण्यांची कंपनी काढली, आणि २००२ मध्ये देशात बीटी कापूस आला त्यात तिचा भाग होता. पहिली काही वर्षे बोंडअळीच्या फवारण्या उतरल्या. पुढे मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषकांनी डोके वर काढले, २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर थैमान घातले, आणि पंप पुन्हा पाठीवर चढला. कापसाच्या झाडावर पानांच्या आडोशाला टपून बसणारे काटेरी पायांचे कोळी, फुलाच्या रंगाचे होऊन बसणारे खेकड्यासारखे कोळी, ओळींच्या मध्ये जाळे टाकणारे, जमिनीवर धावणारे, हे सगळे याच तुडतुड्यांवर, माश्यांवर, पतंगांवर जगतात. २०१७ मध्येच दोन युरोपीय संशोधकांनी मांडलेल्या हिशेबानुसार जगातले कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात.

म्हणून कोळी शेतात सोडा आणि औषध बंद करा, असा सल्ला कुणी देत असेल तर तो ऐकू नये. बोंडात शिरलेली अळी कोळ्याच्या हाती लागत नाही, तो फार तर तिचा पतंग धरतो किंवा बोंडाबाहेर असताना तिला. शिवाय त्याला मित्र-शत्रू कळत नाही, मधमाशी अडकली तर तीही जाते. त्याचे काम किडीचा नायनाट करण्याचे नाही, तिची वाढ आवरण्याचे आहे, आणि शेतात तेवढेच हवे असते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आले तर फवारा, असे कृषी विद्यापीठे सांगतात, ते याच हिशेबाने.

गैरहिशेब होतो तो सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारणीत. ही औषधे कोळ्यांना आणि माइट खाणाऱ्या मित्रजीवांना लवकर मारतात, माइटला तितकी मारत नाहीत. परिणाम असा, की फवारणीनंतर काही आठवड्यांनी माइट दुपटीने उसळते. मग बागायतदार पुन्हा काउंटरवर येतो आणि म्हणतो, कोळी वाढलाय. खरा कोळी मारून त्याने नावाचा कोळी वाढवलेला असतो.

यावर एक उपाय आमच्या बागांनी दुसऱ्याच कारणासाठी आधीच हाती घेतलेला आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, टँकरने पाणी घालून झाडे जगवावी लागली. तेव्हा पाणी टिकावे म्हणून ज्यांनी खोडाभोवती पाचट, भुसा, गवत यांचे आच्छादन टाकले, त्यांनी नकळत कोळ्यांना घर दिले. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सुझन रीकर्ट आणि लेस्ली बिशप यांनी १९९० मध्ये भाजीपाल्याच्या वाफ्यांवर हेच तपासले. आच्छादनाखाली ओल आणि सावली मिळाली की कोळी वाढतात आणि पिकाचे नुकसान घटते, असे त्यांना आढळले. जालन्यासारख्या जिल्ह्यात एका कामात दोन कामे होणार असतील तर आच्छादनाचा प्रचार निव्वळ ‘पाणी वाचवा’ एवढ्यावर का थांबावा? शेतीशाळेत निरीक्षणाच्या तक्त्यावर किडींच्या जोडीला कोळ्यांचाही रकाना काटेकोरपणे भरून घ्यावा. औषधाच्या डब्यावर, पत्रकावर ‘लाल कोळी’ऐवजी सरळ ‘माइट’ लिहावे. शेतकऱ्याने ट्रायकोडर्मा, फेरोमोन, ड्रिप हे शब्द सहज पचवले, तो माइटही पचवील. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि बदनापूरचे संशोधन केंद्र जिल्ह्यातच आहेत; हा बदल मुंबईहून परिपत्रक येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

आणि पाहायचे असेल तर आताच पाहावे, पाऊस ओसरल्यावर कोळी वयात आलेले असतात. शेतीची वीज रात्रीची असली की बागेत दारे धरायला जावेच लागते. बॅटरी हातात खाली न धरता कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरावी आणि आच्छादनावरून हळूहळू फिरवावी. गवतात दवाचे थेंब चमकल्यासारखे हिरवट ठिपके दिसतील. जवळ गेले तर दव जागचे हलत नाही, हे ठिपके मात्र सरकतील. एखादीच्या पाठीवर बारीक बारीक ठिपक्यांचा ढीग दिसेल : लांडगा-कोळ्याची मादी, पिल्लांना पाठीवर घेऊन, वाफ्यात पाणी शिरायच्या आधी उंचवट्याकडे निघालेली.